चाळीस यार्डांचं रान: पेन्सिल्व्हेनियाच्या झाडीत कोयोटासाठी बंदूक, काडतूस आणि कॉल

उत्तर पेन्सिल्व्हेनियाच्या डोंगराळ पठारावरचं एक मेंढ्यांचं शेत. चाळीस एकरांचं कुरण, साठेक माद्या. उत्तर, पूर्व आणि पश्चिम अशा तीन बाजूंना ओक, बीच आणि हेमलॉकचं दाट रान, दक्षिणेला घर, गोठा आणि रस्ता. गेल्या मे महिन्यात तीन आठवड्यांत सात कोकरं गेली. संशय कोयोटावर, म्हणजे कोल्ह्यासारख्या तिथल्या रानटी जनावरावर. यंदा कोकरं जन्माला यायच्या आधीच, जानेवारी-फेब्रुवारीत, बंदोबस्त करायचा आहे. घरात दोन बंदुका आहेत. एक बोल्ट-ॲक्शन .२२-२५० रायफल, तिच्यावर ६.५ ते २० पटींची दुर्बीण. दुसरी बारा बोअरची जुनी पंप-ॲक्शन, तिच्या नळीला टर्कीच्या शिकारीसाठी घेतलेला एक्स्ट्रा फुल चोक (छर्रे कमी फैलावेत म्हणून नळीच्या तोंडाशी बसवायचा अरुंद तुकडा). मालकाचा प्रश्न सरळ आहे: यातली कुठली न्यायची आणि तिच्यात काय भरायचं?

हे शेत नकाशावर शोधायला जाऊ नये. त्या पट्ट्यातल्या शेतांवर एरवी जे जुळून येतं, तेच इथे एका चौकटीत बसवलं आहे. मालकाचा प्रश्न मात्र जवळपास प्रत्येक ठिकाणी असाच येतो, आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी तो उलट्या टोकानं विचारलेला असतो. झाडीत बंदूक शेवटी ठरते. आधी झाडं किती लांब पाहू देतात ते मोजायचं, त्या अंतराला पुरेल असं काडतूस निवडायचं, ते काडतूस नीट फेकणारा चोक शोधायचा, आणि मग जनावराला त्या अंतराच्या आत आणणारा कॉल, म्हणजे सशासारख्या भक्ष्याचा आवाज काढणारं साधन.

पण त्याही आधी, कोकरं खरंच कोयोटानं मारली का?

मेलेलं कोकरू काय सांगतं

कुरणात अर्धवट खाल्लेलं कोकरू सापडलं की कोयोटावर नाव येतं. यात गावची कुत्री कायम सुटतात. कोयोट मेंढीचा गळा धरतो, जबड्याच्या लगेच मागे, आणि श्वास कोंडून मारतो. कुत्रं मागची तंगडी, शेपूट, कान, कूस, जे तोंडाला लागेल ते फाडतं आणि बहुतेक वेळा खात नाही. म्हणून मानेचं कातडं सोलून पाहायचं. आत सुळ्यांची भोकं आणि भोवती साकळलेलं रक्त असेल, तर चावा जिवंतपणी बसला. भोकं आहेत पण रक्त साकळलेलं नाही, तर कोकरू आधीच मेलेलं होतं आणि कोयोटानं फक्त ताव मारला. वरच्या दोन सुळ्यांमधलं अंतर साधारण २८ ते ३५ मिलिमीटर असतं. खायला सुरुवात बहुधा बरगड्यांच्या मागच्या कुशीतून होते.

पावलाचा ठसा लांबट, अंदाजे अडीच इंच लांब आणि दोन इंच रुंद. कोयोट चालतो तेव्हा ठसे दोरी धरल्यासारखे एका ओळीत पडतात. पाळीव कुत्र्याचा ठसा गोलसर, नखं फाकलेली, आणि चाल भरकटलेली. या शेतावर चार कोकरांच्या मानेत साकळलेलं रक्त मिळालं, तिघांचं काहीच उरलं नव्हतं. एवढ्यावर कोयोट धरायला हरकत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाच्या डोळ्यासमोर इथे कोल्हा येईल. कोयोट हा त्याचा अमेरिकी चुलतभाऊ. पण पूर्वेकडच्या कोयोटात लांडग्याचं आणि कुत्र्याचंही रक्त मिसळलेलं आहे, त्यामुळे तो १४ ते २० किलोपर्यंत भरतो आणि आपल्या कोल्ह्याहून चांगलाच थोराड दिसतो. कायद्याचं म्हणाल तर दोघांची तुलनाच नाही. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार कोल्ह्याची शिकार हा गुन्हा आहे. पुढचं सगळं फक्त अमेरिकेतल्या परवानाधारक शिकारीपुरतं आहे.

तिथेही नियम आधी. पेन्सिल्व्हेनियात कोयोटाची शिकार वर्षभर खुली आहे आणि संख्येची मर्यादा नाही. पण परवाना लागतो, आणि पहिल्या परवान्याआधी शिकारीचं सुरक्षा-प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. कुणाच्या राहत्या घरापासून १५० यार्डांच्या आत त्या घरमालकाच्या संमतीशिवाय बंदुकीनं शिकार करता येत नाही. छर्र्याचा आकार, इलेक्ट्रॉनिक कॉल, रात्रीचा दिवा यांवरची बंधनं राज्याराज्यांत वेगळी असतात, तेव्हा त्या वर्षाची नियमपुस्तिका वाचूनच काडतुसाची पेटी विकत घ्यावी. न्यू जर्सी-पेन्सिल्व्हेनियात एकरभर जमीन घेऊन राहिलेली मराठी माणसं आता कमी नाहीत, त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसानं बंदूक किंवा काडतूस नुसतं जवळ बाळगणं हाही संघीय कायद्यानं गुन्हा आहे. वैध शिकार-परवाना हातात असणं हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक. शेजाऱ्याची बंदूक ‘जरा धरून बघतो’ म्हणण्याआधी हे वकिलाकडून पक्कं करून घ्यावं.

बंदुकीआधी फीत

बसायच्या तीन जागा ठरल्या: कुरणाची उत्तर कड, पूर्वेकडची जुनी लाकूडतोडीची वाट, आणि पश्चिमेला विजेच्या तारांखालचा मोकळा पट्टा. प्रत्येक जागी झाडाला पाठ टेकून, जमिनीवर बसून, कोयोटाच्या छातीच्या उंचीवर म्हणजे दीड-दोन फुटांवर नजर ठेवून पाहायचं. उभं राहून पाहिलेलं अंतर इथे फसवं ठरतं. उभ्या माणसाला ७० यार्ड दिसतात तिथे बसलेल्याला ३५ दिसतात, कारण मधे माउंटन लॉरेलची झुडपं आणि पडकी लाकडं येतात.

अंतर लेझर रेंजफाइंडरनं घ्यावं, नाहीतर साधी फीत धरावी, आणि २०, ३०, ४० यार्डांवरचं एकेक झाड लक्षात ठेवावं. (४० यार्ड म्हणजे साधारण ३७ मीटर.) फांदीला रंगीत फीत बांधणारेही आहेत. बांधायची तर गडद तपकिरी, उगाच फडफडणारी नको.

मोजमाप असं आलं. उत्तर कडेवर आत रानात पाहताना २५ ते ४० यार्ड. लाकूडतोडीच्या वाटेवर सरळ रेषेत ६०, पण दोन्ही अंगांना जेमतेम २०. तारांखालच्या पट्ट्यात २०० च्या वर. म्हणजे तीनपैकी दोन जागा मुख्यतः ४० यार्डांच्या आतल्या. .२२-२५० चा प्रश्न इथेच निम्मा निकालात निघाला.

काडतूस: साधा गुणाकार

कोयोटाच्या छातीतला मर्माचा भाग साधारण ९ इंच व्यासाच्या वर्तुळात बसतो. छर्र्याच्या बंदुकीची चाचणी मात्र पूर्वापार ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात घेतात. ३० इंची वर्तुळाच्या तुलनेत ९ इंची वर्तुळाचं क्षेत्रफळ शेकडा ९ भरतं. हा एक आकडा लक्षात ठेवला की दुकानातल्या जाहिराती आपोआप गप्प होतात.

३ इंची बारा बोअरच्या काडतुसात डबल-ओ बक (‘बक’ म्हणजे जाड छर्रा; हा ०.३३ इंची, आपल्याकडच्या एसजीच्या जवळपास) १५ बसतात. चांगल्या चोकनं शेकडा ८० छर्रे ३० इंचांत टाकले तर १२. त्याचे शेकडा ९ म्हणजे छातीत सरासरी एक. तो एक लागला तर कोयोट जागेवर पडेल, पण लागेलच असं नाही, आणि पोटात किंवा तंगडीत लागला तर जनावर रानात जाऊन दोन दिवसांनी मरेल. डबल-ओ हे हरणाचं काडतूस. कोयोटासाठी ते उचलणाऱ्याला दणका मोठा वाटतो, पण छर्रे मोजले तर हात रिकामाच.

चार नंबर बक (०.२४ इंच) ३ इंची काडतुसात ४१ बसतात. शेकडा ८० धरले तर ३३, छातीत सरासरी तीन. ३० यार्डांवर फैलाव साधारण पाऊणपट होतो, म्हणून तिथे तेच पाचाच्या वर जातात. शिशाचा बीबी (०.१८ इंच) संख्येनं भरपूर, १⅞ औंसाच्या भारात नव्वदीच्या घरात. पण एक छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा, तर चार नंबर बकचा सव्वा ग्रॅमच्या वर. फेब्रुवारीतली दाट लोकर आणि खांद्याचं हाड ओलांडून आत जायला बीबी ३० यार्डांपलीकडे अपुरा पडतो. मधला मार्ग म्हणजे टंगस्टन-मिश्रधातूचा टी आकाराचा छर्रा (०.२० इंच). मिश्रण शिशापेक्षा जड, सुमारे १२ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, त्यामुळे लहान असूनही आत घुसतो. दीड औंसात साधारण ५२ बसतात, म्हणजे ४० यार्डांवर छातीत जवळजवळ चार. महाग आहे. पण कोयोटावर हंगामात किती काडतुसं उडतात? पेटीभरही नाही.

आमचा दंडक: ज्या अंतरावर कागदावरच्या ९ इंची वर्तुळात पाच वेळा झाडून पाचही वेळा किमान चार छर्रे येतात, ते अंतर त्या बंदुकीची हद्द. सरासरी चार पुरत नाहीत, प्रत्येक वेळी चार हवेत. प्रत्यक्षात छर्रे मधोमध बरेच दाट पडतात, त्यामुळे कागद वरच्या गुणाकारापेक्षा बराच उदार निघतो. चार नंबर बकसाठी ही हद्द बहुधा ३५ यार्डांच्या आसपास येते, टंगस्टन टीसाठी ४० च्या आसपास.

पेटीवरच्या आकड्यात एक खड्डा आहे. ‘४ नंबर’ हा टर्कीचा बारीक छर्राही असतो, ०.१३ इंची. ‘४ बक’ वेगळा. गडबडीत पहिली पेटी उचलली तर कोयोटाच्या अंगावर खडे मारल्यासारखं होतं.

काडतुसाची लांबी हा दुसरा, आणि जिवाशी खेळणारा. नळीच्या बुडाशी चेंबरची लांबी कोरलेली असते. जुन्या बंदुकीवर २¾ इंच लिहिलं असेल तरी ३ इंची काडतूस आत बसतं, कारण न उडालेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं. उडताना ते तोंड नळीच्या अरुंद भागात उघडतं आणि दाब वाढतो. घरात वीस बोअरची बंदूकही असेल तर दोन्ही काडतुसं एका खिशात कधीच नाहीत. वीसचं काडतूस बाराच्या नळीत पुढे सरकून अडकतं, वर बाराचं भरलं आणि चाप ओढला की नळी फुटते. वीसची काडतुसं पिवळ्या रंगाची करायचा रिवाज याचसाठी आहे. या शेतावरच्या पंप बंदुकीवर ३ इंचांचा शिक्का होता, त्यामुळे प्रश्न मिटला. साडेतीन इंची बंदूक विकत घ्यायची गरज या अंतरात नाही. धक्का तेवढा वाढतो, आणि दुसरा बार उशिरा निघतो.

चोक घट्ट म्हणजे चांगला, हा गैरसमज

बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास ठरीव मापानं ०.७२९ इंच. मॉडिफाइड चोक तो ०.७१० च्या आसपास आणतो, फुल ०.६९० ते ०.६९५, टर्कीचा एक्स्ट्रा फुल ०.६६५ किंवा त्याहून कमी. मालकाकडे होता तो हाच. टर्कीच्या बारीक छर्र्याला तो उत्तम. चार नंबर बकला मात्र तो घातक ठरू शकतो: मोठे मऊ छर्रे अरुंद तोंडातून निघताना एकमेकांवर दाबले जातात, चेपतात, आणि चेपलेला छर्रा सरळ जात नाही. कागदावर मधे पोकळ आणि कडेला विखुरलेला नमुना दिसला की समजायचं, चोक जास्त घट्ट आहे.

म्हणून चाचणी अशी. चार फूट लांब-रुंद कागदाचे दीड डझन ताव, मागे मातीचा बांध. बंदूक टेकूवर. मॉडिफाइड, इम्प्रूव्हड मॉडिफाइड आणि फुल असे तीन चोक, ३० आणि ४० यार्ड ही दोन अंतरं. पहिल्या फेरीत प्रत्येक जोडीला दोन बार, म्हणजे बारा. जो चोक पुढे दिसेल त्याचे हद्दीच्या अंतरावर आणखी पाच. चाचणीला काडतूस तेच, ज्यानं शिकार करायची. स्वस्तातल्या काडतुसावर चोक ठरवून रानात दुसरंच नेणं म्हणजे एका पायाचं माप देऊन दुसऱ्या पायाचा जोडा शिवून घेणं. तांब्याचा मुलामा दिलेले आणि मधे प्लॅस्टिकची भुकटी भरलेले बक छर्रे कमी चेपतात, त्यांना फुलही मानवतो. टंगस्टनसाठी चोकवर तशी परवानगी कोरलेली आहे का ते पाहणं सक्तीचं, नाहीतर चोक नळीतच फुगून बसतो.

पंप बंदुकीवर फक्त पुढची माशी आहे. घाईत गाल दस्त्यावरून उचलला जातो आणि बार डोक्यावरून जातो. कोयोट अंगावर धावत येताना हे हमखास घडतं. साधा रेड डॉट (लाल ठिपक्यानं नेम दाखवणारी काच) बसवला की निम्मी चुकामूक थांबते.

रायफलीचं काय

रायफल घरी ठेवायची नाही, तिची जागा बदलायची. तारांखालच्या पट्ट्यात, पलीकडे डोंगराचा उतार आहे तिथे, तीच योग्य. फक्त दुर्बीण बदलावी. ६.५ पटींची खालची मर्यादा असलेल्या दुर्बिणीतून २५ यार्डांवर जेमतेम चारेक फुटांचा पट्टा दिसतो. तेवढ्या अंतरात कोयोट आला तर भिंगात नुसती करडी लोकर, डोकं कुठलं आणि शेपूट कुठली कळत नाही. २ ते ७ किंवा ३ ते ९ पटींची पुरे.

नव्यानं घेणाऱ्याला आम्ही .२२३ रेमिंग्टन सुचवू. ५५ ग्रेनची सॉफ्ट पॉइंट गोळी २०० यार्डांपर्यंत भरवशाची, काडतूस स्वस्त, धक्का नाहीसा. नळीतल्या आट्यांचा वेग पाहून गोळीचं वजन निवडावं: १२ इंचांत एक फेरा असलेल्या नळीला ५५ ग्रेनच्या पुढे नेऊ नये, ९ इंचांत एक असेल तर ६९ पर्यंत चालतं. १०० यार्डांवर नेम जुळवून ठेवावा.

जाड, सावकाश गोळी झुडपं ‘कापत’ जाते, ही समजूत अजून मरत नाही. बोटाएवढी फांदी कुठल्याही गोळीची दिशा बदलते, आणि हलकी वेगवान गोळी तर तिथेच फुटते. मोकळी फट नसेल तर चाप ओढायचा नाही. छर्र्यांनाही हे लागू, फक्त तिथे काही छर्रे अडतात आणि काही पोचतात, म्हणून चुकीची खात्री वाटते.

एकाच हत्यारात दोन्ही हवं असणाऱ्यांसाठी सॅव्हेज मॉडेल २४ सारखी जोडनळी होती: वर .२२३, खाली बारा बोअर. ती आता बनत नाही, जुन्या बाजारात मिळाली तर मिळाली. दोन्ही नळ्यांना मिळून बार दोनच, हे मान्य असेल तर या रानाला तिच्याइतकं शोभणारं दुसरं काही नाही.

मागे काय आहे, हा प्रश्न मात्र प्रत्येक हत्याराला. .२२३ ची गोळी तीन किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. चार नंबर बकचा छर्राही ४८० मीटरच्या आसपास पोचतो. दक्षिणेला घर आहे, तेव्हा तिन्ही जागांवरून दक्षिणेकडे बार नाही, कोयोट दहा यार्डांवर उभा असला तरी.

कॉल: झाडीत कुजबुज

मैदानातली सवय इथे सगळ्यात जास्त नडते. पश्चिमेकडच्या उघड्या माळावर कॉल मोठ्यानं सुरू करतात, कारण कोयोट मैलभर दूर असतो. रानात तो शंभर यार्डांवर झोपलेला असू शकतो. कानाशी अचानक ससा किंचाळला तर तो येत नाही, निघून जातो. आणि आपल्याला तो होता हेही कळत नाही.

तोंडानं वाजवायचे कॉल दोन जातींचे. बंद जिभलीच्या कॉलमध्ये पातळ जिभली नळीच्या आत असते. फुंकलं की सशाचं ठरावीक किंचाळणं निघतं, शिकायला पाच मिनिटं. दोष असा, की थंडीत थुंकी आत गोठते आणि कॉल ऐन वेळी मुका होतो. उघड्या जिभलीच्या कॉलवर ओठ आणि दात सरकवून सूर बदलतो: कधी खर्जातला, कधी चिरका. एकाच कॉलमधून ससा, उंदीर, पिल्लाचं कळवळणं, अगदी कोल्हेकुईसुद्धा. शिकायला आठवडे लागतात, पण गोठायचा त्रास कमी. फेब्रुवारीसाठी उघड्या जिभलीचा गळ्यात, बंद जिभलीचा शर्टाच्या आत अंगाच्या उबेला, असे दोन ठेवावेत.

इलेक्ट्रॉनिक कॉलचा मोठा फायदा आवाज नव्हे, जागा. तो आवाज आपल्यापासून दूर नेतो. तोंडानं कॉल करणाऱ्या माणसाकडे कोयोट थेट डोळे लावून येतो, आणि बंदूक खांद्याला लावायची एवढी हालचालही त्याला दिसते. (यातली नावाजलेली फॉक्सप्रो ही कंपनी पेन्सिल्व्हेनियातल्याच लुइसटाउनची.) यंत्र ३० यार्डांवर, पडक्या लाकडावर गुडघाभर उंच. त्याच्याशेजारी काठीवर पिसांचा झुबका हलता ठेवला की जनावराची नजर तिथे खिळते.

फेब्रुवारीचा क्रम असा चालतो. बसल्यावर पाच मिनिटं काहीच नाही, रान पुन्हा बोलू लागेपर्यंत. मग उंदराची चिवचिव किंवा अगदी दबका कॉटनटेल ससा, अर्धा मिनिट. दोन-तीन मिनिटं शांतता. पुन्हा ससा, एक पायरी वर. दहाव्या मिनिटाला एकट्या मादीची साद, एक-दोनदाच, आणि मग चार मिनिटं गप्प. हा जोडी जमण्याचा काळ आहे, माजाचा कळस फेब्रुवारीत, त्यामुळे हद्द राखणारी जोडी भुकेपेक्षा परक्या मादीला लवकर उठते. शेवटच्या पाच मिनिटांत पिल्लाचं कळवळणं. सगळं मिळून तीस मिनिटं. माळावर पंधरा मिनिटांत उठतात, रानात जनावर आडोशाआडोशानं, थांबत थांबत येतं. आव्हानाची आक्रमक आरोळी सुरुवातीला वाजवू नये, तरुण कोयोट तिनं बुजतो. एकाच जागी दोन आठवड्यांत दुसऱ्यांदा बसू नये, आणि बसलंच तर आवाज वेगळा. एकदा फसून निसटलेला कोयोट तो ससा विसरत नाही.

वारा, आणि उत्तर कडेची मांडणी

इथे प्रकरणाचा गाभा आहे. कोयोट डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही, नाकावर ठेवतो. तो आवाजाकडे सरळ येत नाही. वळसा घालून आवाजाच्या वाऱ्याखाली जातो आणि तिथून वास घेतो. त्या वळशाच्या वाटेवर ४० यार्डांच्या आत आपली मोकळी फट हवी, आणि आपला वास मात्र तिथे नको.

हिवाळ्यात इथला वारा बहुधा पश्चिमेचा किंवा वायव्येचा. शिकारी कुरणाच्या उत्तर कडेला, रुंद ओकाला पाठ टेकून. कॉल तिथून ३० यार्ड उत्तरेला, रानाच्या आत. कोयोट उत्तरेकडून निघून कॉलच्या पूर्वेला वळसा घेणार. म्हणून शिकाऱ्याचं तोंड ईशान्येला, बंदूक गुडघ्यावर त्याच दिशेला आधीच रोखलेली. शिकाऱ्याचा स्वतःचा वास कुंपणाच्या रेषेनं पूर्वेला किंवा उघड्या कुरणात आग्नेयेला वाहतो, जिथे दिवसाउजेडी कोयोट सहसा उतरत नाही. घर पाठीमागे राहतं. वारा दक्षिणेचा किंवा पूर्वेचा असेल त्या दिवशी ही जागा बंद, घरी बसावं.

डोंगरउतारावर आणखी एक गोष्ट: पहाटे थंड हवा उताराखाली वाहते, ऊन चढलं की वर. सातला ठीक असलेली जागा नऊला फिरते. छोट्या बाटलीतली बारीक भुकटी दर पाच मिनिटांनी उडवून पाहावी.

लाकूडतोडीच्या वाटेवर दोघं बसणार असतील तर दोघांच्या बाराच्या दिशा बसायच्या आधी बोटानं दाखवून ठरवाव्यात आणि एकानंही जागा बदलू नये. पाठीला रुंद झाड घ्यायचं कारण केवळ आडोसा नाही. सशाचा किंवा टर्कीचा आवाज ऐकून दुसरा शिकारीही दबा धरत येऊ शकतो. माणूस दिसला तर हात हलवायचा नाही, टोपी हलवायची नाही, मोठ्यानं माणसाच्या आवाजात बोलायचं.

बाराच्या क्षणी

ओळख आधी. करडा जर्मन शेफर्ड, लाल कोल्हा, झुडपाआडचं हरीण, सगळे क्षणभर कोयोट वाटतात. शेपूट खाली, मुस्कट निमुळतं, कान मोठे आणि ताठ हे दिसल्याशिवाय सेफ्टी काढायची नाही. धावत येणारा थांबवायला तोंडानं एकदा ‘वूफ’ करावं. तो थांबतो तो दोन-तीन सेकंद, म्हणून बंदूक आधीच खांद्याला हवी. आडवा उभा असेल तर खांद्याच्या लगेच मागे, समोरून असेल तर छातीच्या मधोमध. पडला तरी दुसरं काडतूस लगेच चढवायचं. कॉल बंद करायचा नाही, उलट पिल्लाच्या कळवळण्यावर टाकायचा. जोडीतला दुसरा बहुतेक वेळा मागेच असतो.

फसण्याच्या जागा मोजक्याच आहेत. कोयोट ५५ यार्डांवर थांबला आणि ‘लागेल’ म्हणून बार काढला: बहुधा जखमी. कॉल फार मोठा: तो आलाच नाही. शिकाऱ्यानं गोठलेल्या बोटांनी रिमोटची बटणं शोधली आणि मान खाली गेली: तो आला, पाहिलं, गेला. गाडीचं दार आपटलं: सकाळ संपली. यातल्या एकाचाही बंदुकीच्या किमतीशी संबंध नाही.

मेलेल्या जनावराला हातमोजे घालूनच हात लावावा. खरूज आणि पिसवा हे नित्याचं आहे. शिशाच्या छर्र्यानं मारलेलं धूड रानात टाकून देऊ नये. गरुड ते खातात आणि पोटात गेलेल्या शिशानं मरतात. खोल पुरावं.

मालकानं एक अपेक्षा मात्र काढून टाकावी, की सरसकट पाच-सहा कोयोट मारले की कोकरं वाचतील. मेंढ्या मारणारे बहुतेक त्या हद्दीतली मोठी, जोडीनं राहणारी नरमादी असतात. ती दोघं जानेवारी-फेब्रुवारीत गेली तर पिल्लं अनाथ होत नाहीत आणि कोकरांच्या पहिल्या आठवड्यांत कुरण मोकळं राहतं. रिकामी झालेली हद्द दुसरी जोडी कधीतरी भरतेच, म्हणून रात्री मेंढ्या गोठ्याजवळ आणणं, विजेचं कुंपण आणि राखणीचं कुत्रं यांना सुट्टी नाही.

मे महिना उजाडला की बीचला पालवी फुटते आणि उत्तर कडेवरचे ४० यार्ड २० वर येतात. तेव्हा बंदूक तीच, काडतूस तेच, पण हिवाळ्यात फुल चोक लावला असेल तर तो काढून मॉडिफाइड लावायचा, कॉल शिकाऱ्यापासून १५ यार्डांवर आणायचा, आणि सशाऐवजी हरणाच्या पाडसाचा आवाज वाजवायचा. फीत घेऊन पुन्हा एकदा खाली बसायचं.